कोपऱ्यावर बोलायचं नाही

माझी धाकटी जाऊ जिजा गोधडी शिवताना कोपरा वळत असली की बोलत नाही. हा तिचा नियम आहे आणि तो माझ्या फार उपयोगाचा आहे.

गोधडी काठाकडून आत शिवत यायची असते. एक बाजू झाली की वळायचं, दुसरी झाली की वळायचं, असं फिरत फिरत मधोमध पोचायचं. जिजाचं म्हणणं असं, की वळणावर बोललं तर टाका फाकतो आणि कोपऱ्याला फुगा येतो. म्हणून कोपऱ्याच्या चार बोटं आधी ती ओठ मिटते आणि वळून चार बोटं पुढं गेल्याशिवाय उघडत नाही. मला तिला जे काही सुनवायचं असतं ते मी तेवढ्या वेळात सुनवून घेते. काल आमटी खारट होती. तुझ्या माहेरची माणसं चहात साखर दाखवण्यापुरतीच घालतात. परवा शेजारच्या कोंडाजींना तू माझं वय सांगितलंस, ते दोन वर्षांनी जास्त सांगितलंस. ती नुसती डोळे वटारते. कोपरा सुटून ती उत्तर द्यायला तोंड उघडते तेव्हा मी पाणी प्यायला उठलेली असते. दोघी मिळून गोधड्या शिवायला लागून सतरा वर्षं झाली, भांडणात मी एकदाही हरलेले नाही.

मी बनूबाई. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्याला आमच्या दोन खोल्या आहेत. एकीत मी, एकीत जिजा. मधल्या भिंतीला दार आहे, पण ते शेवटचं कधी लावलं होतं हे दोघींनाही आठवत नाही. आमचे नवरे सख्खे भाऊ. आधी तिचा गेला, मग माझा. तिला एक मुलगा, हरेश. मला मूल नाही, पण हरेशला नाक दाबून खोकल्याचं औषध पाजायचं काम लहानपणापासून माझ्याकडं होतं. त्यामुळं तो मला मोठी आई म्हणतो आणि बायको, तेजस्वी, आली तरी अजून थोडा घाबरतो.

नियम माझेही आहेत. पाय धुतल्याशिवाय गोधडीवर बसायचं नाही. पसरलेली गोधडी कोणी ओलांडायची नाही. ‘किती राहिली?’ असं ज्यानं विचारलं त्यानं एक ओळ शिवून द्यायची. या नियमामुळं दुपारी आमच्याकडं कोणी फिरकत नाही आणि मला ते बरं पडतं. भांडखोर बाईचं लुगडं पायथ्याला लावायचं. डोक्याकडं लावलं तर झोपणाऱ्याचं कपाळ दुखतं. आमच्या सासूबाईंची चार लुगडी निघाली, चारही मी पायथ्याला लावली. जिजा म्हणाली, असा काही नियम नसतो. मी म्हटलं, तू या घरात माझ्या मागून आलीस, तुला काय माहीत. खरं सांगायचं तर तो नियम मी लुगडं हातात घेतल्यावर केला होता.

पण आमचं खरं वाजतं ते उसवण्यावरून. मी टाका उसवत नाही. पडला तो पडला, वाकडा असला म्हणून ऊब कमी देत नाही. जिजा उसवते. तिचा स्वतःचा टाका कधी चुकत नाही, मग ती माझे उसवते. दिवा लावायच्या आधी ती त्या दिवशीच्या ओळींवरून बोट फिरवते. माझा वाकडा टाका बोटाला लागला की सुईच्या नेढ्याकडच्या टोकानं तो उचलते, सर्रकन दोरा ओढते आणि नव्यानं घालते.

“तुला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाय,” मी म्हणते.

“चांगलं असतं तर बघितलं असतं की,” ती म्हणते.

हे आमचं रोजचं. सुरळीत चाललं होतं.

दिवाळीनंतर हरेशनं बदलापूरला फ्लॅट घेतला. सातवा मजला, दोन लिफ्ट, खाली वॉचमन. पेढे घेऊन आला आणि पेढा माझ्या हातावर ठेवता ठेवता म्हणाला, “आता आई आमच्याकडं राहणार. तेजस्वी आणि मी दोघं सकाळी सातला बाहेर पडतो. घरात कुणीतरी आपलं माणूस पाहिजे ना, मोठी आई. पार्सलवाले येतात, गॅसवाला येतो.”

मी जिजाकडं बघितलं. ती खाली मान घालून चिंध्या निवडत होती. “एक गोधडी घातलीय नुकतीच,” ती म्हणाली. “ती झाली की येते. अर्धी गोधडी टाकून घर सोडायचं नसतं.”

हाही तिचा नियम. हरेशनं तो मान्य केला आणि वर विचारलं, “साधारण किती दिवस?” हे ‘किती राहिली’मध्ये बसतं का यावर मी विचार करत होते, तेवढ्यात तो पळाला.

आता बदलापूर म्हणजे काही परदेश नाही. अंबरनाथ सुटलं की बदलापूर. लोक एवढ्यातेवढ्याला जाऊन येतात. पण मधल्या दारातून हाक मारली तर ऐकू जाईल इतकं ते जवळ नाही. मला भीती वाटली. माझं वय बघता ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. बाई साठी उलटलेली, आणि जाऊ एक स्टेशन पुढं गेली म्हणून रडतेय, असं लोक म्हणाले असते. जिजाला तर मुळीच सांगण्यासारखी नव्हती, कारण सतरा वर्षं मी तिला दिवसातून एकदा तरी ‘तुझ्यापासून कधी सुटका होतेय’ असं म्हणत आले होते.

म्हणून मी ठरवलं, बोलायचं काही नाही, गोधडी मात्र होऊ द्यायची नाही.

दुसऱ्याच दिवशी उल्हासनगरला कॅम्प चारला गेले. तिथं घराघरात शिवणाची मशिनं चालतात. एका ओळखीच्या सिंधी दुकानदाराकडून जीनच्या चिंध्यांचं पोतं घेतलं. तो म्हणाला, “अम्मा, एकदम मजबूत माल है. सुई टूट जाएगी, कपडा नहीं फटेगा.” मी म्हटलं, मला हेच पाहिजे.

“गोधडीत जीन?” जिजा म्हणाली.

“आजकाल हीच फॅशन हाय. तुझी सून खूश होईल.”

पहिल्या दोन दिवसांत तीन सुया मोडल्या. मी मनातल्या मनात दुकानदाराला आशीर्वाद दिले. तिसऱ्या दिवशी जिजा हरेशच्या बापाची जुनी पक्कड घेऊन बसली आणि सुई पक्कडीनं ओढायला लागली. हात पहिल्यासारखाच भराभर चालू.

मग मी नियम वाढवले. अमावस्येला कोपरा वळायचा नाही. शनिवारी दोरा ओवायचा नाही. बुधवारी जीनला सुई लावायची नाही.

“बुधवारी काय होतं?”

“जीन उष्ण पडतं.”

जिजानं सुई खाली ठेवली. “अक्का, जीन आपल्या घरात येऊन आठ दिवस नाय झाले. त्याचा बुधवार कधी ठरला?”

मी पाणी प्यायला उठले.

शेवटी मला जिजाचाच नियम सापडला. ती वाकडा टाका ठेवत नाही, उसवून परत घालते. म्हणजे मी जितकं वाकडं शिवीन तितकी तिची संध्याकाळ उसवण्यात जाईल. मग मी मन लावून वाकडं शिवायला लागले. मुद्दाम वाकडं शिवणं सोपं नसतं. हात आपोआप सरळ जायला बघतो. माझा नाही, पण लोकांचा जातो म्हणतात. एक टाका तांदळाएवढा, पुढचा वालाएवढा, तिसरा शेजारच्या ओळीत पाहुणा. संध्याकाळी जिजा बोट फिरवायची, सुस्कारा टाकायची आणि उसवायची. दिवसा पुढं गेलेलं सगळं दिव्याच्या आधी मागं यायचं. नऊ दिवस गोधडी हातभरही सरकली नाही. हरेशचा फोन यायचा तेव्हा जिजा म्हणायची, “चाललंय बाबा, चाललंय,” आणि मी शेजारी बसून साळसूद चेहऱ्यानं सुई ओवत असायचे.

दहाव्या दिवशी तिचं बोट माझ्या टाक्यावरून गेलं, थांबलं आणि पुढं गेलं.

मला वाटलं, नजरचूक. दुसऱ्या दिवशी मी तिच्या नाकासमोर असा टाका घातला की दारू प्यायलेल्यानंही घातला नसता. तिनं बघितला. नीट बघितला. बोट पुढं. दिवा लावला, हात जोडले, भात टाकला. उसवलं काही नाही. तिसऱ्या दिवशीही तेच.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हिला जायची घाई झालीय. सतरा वर्षांचा नियम हिनं मोडला, तो कशासाठी, तर सातव्या मजल्यावर लवकर पोचायला. लिफ्टमध्ये बसायला. मला इतका राग आला की मी कोपऱ्यावरसुद्धा बोलायचं सोडलं.

त्यात एक अडचण होती. गोधडी आत येत जाते तसा फेरा लहान होतो आणि कोपरे जवळ जवळ येतात. शेवटी शेवटी तर एक कोपरा सुटला की दुसरा आलाच. जिजा सगळा वेळ ओठ मिटून, आणि मी फुगून. कोंडाजी एकदा डोकावून गेले आणि कोणी वारलं की काय असं विचारून गेले. जिजा कोपऱ्यावर उगाच रेंगाळायची, मान वर करून माझ्याकडं बघत बसायची. मला वाटलं, मान अवघडली असेल. बाम दिला. तिनं बाम घेतला आणि न लावता बाजूला ठेवला.

रविवार आला. मध्ये दोन तळव्यांएवढी जागा राहिली होती. हरेशनं सांगितलं, चार वाजता चंदूचा टेम्पो घेऊन येतो. जिजाची ट्रंक, शिवणाचं मशिन आणि देवांची डबी दाराशी येऊन बसली. जेवण झालं, दोघी गोधडीवर बसलो. जिजा भिंतीला टेकली आणि तिचा डोळा लागला. तिचा हिरवा पदर माझ्या गुडघ्याशी पडला होता.

मी ठरवून केलं असं म्हणणार नाही. पहिला टाका हातानं घातला. पुढचे अकरा मी घातले.

पदर, जीन, मधली लुगडी, खालचं अस्तर, सगळ्यातून आरपार. दोऱ्याला गाठ मारली आणि देवाचं नाव घेत बसले.

चार वाजता गल्लीत टेम्पोचा हॉर्न वाजला. हरेश आत आला, पाठोपाठ चंदू. हा चंदू चाळिशीचा, बोलका, दिसेल त्यात भाग घेणारा. दारातूनच म्हणाला, “वा मावशी, गोधडी. किती राहिली?”

मला देव पावला. मी सुई त्याच्या हातात दिली. “बस. विचारणाऱ्यानं एक ओळ शिवायची. नियम हाय.”

हरेश कपाळावर हात मारून घेत होता, पण चंदू पाय धुऊन मांडी घालून बसला. जीनवरची एक ओळ म्हणजे अर्धा तास तरी जाईल असा माझा हिशोब होता. पाच मिनिटांत त्यानं ओळ संपवली. सरळ, बारीक, पक्की. “टेम्पोच्या आधी कॅम्प पाचला जीनच्या कारखान्यात होतो ना,” तो म्हणाला. “अजून एक मारू का, मावशी?”

मी सुई हिसकावून घेतली.

या गडबडीत जिजा जागी झाली. तिनं गोधडी बघितली, ट्रंक बघितली, मुलाकडं बघितलं. “बाकीची तिकडं करीन,” ती म्हणाली आणि उठली. तिच्याबरोबर गोधडीही उठली.

“आपोआप यायला लागली,” चंदू म्हणाला.

हरेश वाकला आणि त्यानं पदर हातात घेतला. “मोठी आई, तू आईचा पदर शिवलास यात.”

“वय झालं. दिसत नाय मला.”

“काल व्हिडिओ कॉलवर तू चष्म्याशिवाय सुई ओवत होतीस.” त्यानं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्याला छोटी कात्री होती. “थांब, दोरा कापतो. एक मिनिटाचं काम.”

“हात लावू नको,” मी म्हटलं. “पडलेला टाका उसवायचा नसतो.”

“हा तुझा नियम. आईचा नाही. आई तर सगळं उसवते.”

पोरगं खरं बोलत होतं. मी जिजाकडं बघितलं. ती परत खाली बसली होती. पदर मांडीवर उलटा घेऊन ती त्या टाक्यांवरून बोट फिरवत होती. पहिला, दुसरा, तिसरा. बोट कुठंच अडलं नाही. माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. बाराच्या बारा टाके सरळ होते. एका मापाचे. जन्मात पहिल्यांदा माझ्या हातून इतकं सरळ शिवलं गेलं होतं, आणि नको तिथं.

“अक्का,” जिजा म्हणाली, “चुकलेला टाका मी उसवते, तुला ठाऊक हाय. हा चुकलाय का, तेवढं सांग.”

चुकलाय म्हटलं असतं तर विषय मिटला असता. तिनं नेढ्यानं दोरा उचलला असता, पदर झटकला असता, टेम्पोत बसली असती. माझी अब्रूही राहिली असती. मी तिच्या हाताकडं बघितलं. हातात सुई नव्हती. कोपरा नव्हता, काही नव्हतं. आता मी काय बोलेन त्याला उत्तर येणार होतं, आणि मला आयुष्यात एवढं कधी घाबरायला झालं नव्हतं.

“नाय चुकलेला,” मी म्हटलं. “मुद्दाम घातलाय. तू जाऊ नको, जिजे. मला तुझ्याशिवाय नाय राहता येणार.”

चंदू जायला म्हणून वळला आणि मग ऐकायला थांबला.

जिजानं परत एकदा त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “हे सांगायला तुला एवढे दिवस लागले?”

“तू उसवायचं सोडलंस. मला वाटलं, तुला जायची घाई झाली.”

“घाई?” तिचा आवाज चढला. “मी सोडलं ते तू विचारशील म्हणून. उसवते तर सतरा वर्षं बोंबलतेस. नाय उसवलं तर म्हटलं, आता तरी ही म्हणेल, काय गं, का नाय उसवलंस, मनात काय हाय तुझ्या. कोपऱ्या-कोपऱ्याला तुझ्या तोंडाकडं बघत बसले. तू मला बाम दिलास.”

यावर मला पाणी प्यायला उठता आलं असतं. पाय उठले नाहीत.

“पण मग आई,” हरेश मध्ये पडला, “तुला यायचंच नव्हतं तर मला सांगायचं ना. आणि मोठी आई, तू तरी.”

“आम्हाला विचारलं कोणी?” जिजा म्हणाली. “पेढा दिलास आणि दिवस विचारलेस.”

हरेश ट्रंकेवर बसला. त्याचा चेहरा लहानपणी औषध प्यायल्यावर व्हायचा तसा झाला होता, आणि मला त्याची दया आली. जिजालाही आली असावी, कारण तिचा आवाज जरा खाली उतरला. “शनिवारी येईन, रविवारी परत. पार्सलवाल्याला सांग, जे काय आणायचं ते शनिवारी आण. आणि येताना हिलाही आणते. सातव्या मजल्यावरून खाली बघितलं की हिचं तोंड दोन मिनिटं तरी बंद राहील.”

चंदूनं कोणी न सांगता मशिन उचलून परत आत ठेवलं.

मला इतकं हलकं वाटलं की मी माझा नियम स्वतःच मोडायला निघाले. “आण, तो पदर मी उसवून देते,” मी म्हटलं.

“काही गरज नाय. चुकलेला नाय म्हणालीस ना, मग उसवायचा कसा?” तिनं हरेशकडून कात्री घेतली आणि टाक्यांच्या भोवतीनं पदर कापला. चांगला तळहाताएवढा हिरवा तुकडा गोधडीतच राहिला. उरलेला फाटका पदर तिनं मला दाखवला. “माझी साडी गेली. तुझ्या कपाटात ती मोरपिशी हाय, हरेशला मूल झालं की बारशाला नेसायची म्हणून जपून ठेवलेली. ती काढ.”

“अगं, ती नवी हाय. घडी मोडली नाय अजून.”

“काढ म्हटलं ना.”

मी काढली आणि हरेश-चंदूला बाहेर पिटाळलं. तिला कमरेत वाकवत नाही, म्हणून निऱ्या घालायला मीच तिच्या पायाशी बसले. मान खाली होती, तेवढं बरं होतं. एक निरी झाली, दुसरी झाली, तिसरीला मला कापड नीट दिसेना.

“रडू नको, अक्का,” वरून जिजा म्हणाली. “निऱ्या वाकड्या होतील.”

“होऊ देत,” मी म्हटलं.